पाचट न पेटवता खोडवा कसा धरायचा: कामाचा क्रम, नेहमी होणाऱ्या चुका आणि मधल्या तपासण्या

दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल कुठंही संध्याकाळी बाहेर पडा, रानारानात ऊसतोडीनंतर राहिलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, पेटलेला दिसतोय आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा धूर रस्त्यावर, गल्लीत, शाळेच्या मैदानावर बसलेला असतोय. पेटवणाऱ्याला विचारलं की बहुतेक वेळा उत्तर एकच येतं, "मागं एकदा ठेवून बघितला पाला, ऊस पिवळा पडला, उंदीर झाले, पाणी फिरंना, मग काय करायचं?" हे खोटं नाही. तसं होतंय. पण ते पाचट ठेवल्यामुळं होत नाही, ठेवल्यावर कामं उलटसुलट क्रमानं केल्यामुळं किंवा मधलं एखादं काम गाळल्यामुळं होतंय. म्हणून हा लेख पाचट ठेवा असं सांगायला नाही, ते ठेवून खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या जमिनीत राहिलेल्या बुडख्यांतनं परत फुटणारा ऊस, कसा धरायचा ते एकेक काम धरून सांगायला आहे.

धुराबद्दल एवढंच सांगतो, कारण त्याचा कामाच्या वेळेशी संबंध आहे. थंडीत रात्री जमिनीजवळची हवा गार होते, तिच्यावर कोमट हवेचा थर बसतो आणि खालचा धूर वर जाऊच शकत नाही, सकाळी ऊन चढेपर्यंत तो तिथंच फिरत राहतो. आणि आपण पाला पेटवतो कधी, तर वारं पडल्यावर, म्हणजे संध्याकाळी, शेजारच्या उसाला आग लागू नये म्हणून. आगीच्या दृष्टीनं बरोबर आहे पण हवेच्या दृष्टीनं हीच सगळ्यात वाईट वेळ. त्या धुरात पीएम २.५ म्हणतात ते बारीक कण असतात, ते नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसात खोल जातात. आपल्या देशात याची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५ आहे, आणि केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा सुधारायची म्हणून ज्या शहरांची यादी आहे त्यात कोल्हापूर आहे, सांगलीपण आहे. गाड्यांचा धूर, रस्त्यावरची धूळ, धुराडी, कचरा जाळणं हे सगळं त्यात आहेच, पण ते सगळं एकट्या माणसाच्या हातात नसतंय. आपल्या रानातली काडी मात्र आपल्याच हातात असते.

## आधी हे ठरवा: खोडवा धरायच्या लायकीचा आहे का

पाचट ठेवायची पद्धत चांगल्या खोडव्यासाठी आहे. लावणीच्या पहिल्या उसातच रान विरळ असेल, हुमणीनं (मुळ्या खाणारी अळी) बेटंच्या बेटं खाल्ली असतील, गवताळ वाढ किंवा काणी हे रोग जास्त दिसले असतील तर खोडवाच धरू नका, ऊस मोडा. मोडायच्या रानातल्या पाचटाचं काय करायचं ते शेवटी दिलंय. दोन-चार बेटंच रोगट असतील तर तोडीच्या आधी त्यांना फडकं बांधून खूण करून ठेवा आणि तोड झाली की मुळासकट उपटून रानाबाहेर काढा. तोडीनंतर सगळे बुडखे सारखेच दिसतात, तेव्हा ओळखायला जाऊ नका.

## तयारी: टोळी यायच्या आधीच

इथंच बहुतेकांचं चुकतं, कारण ऊसतोडीची टोळी कधी येणार ते शेवटच्या दिवसापर्यंत कळत नाही आणि आली की दोन दिवसांत फड रिकामा. मग युरिया आणायला धावपळ, पाण्याची पाळी निघून गेलेली, पाला वाळून कडकडीत झालेला आणि मग काडी लावणंच सोपं वाटतं. म्हणून सामान आधी घरात पाहिजे.

एकरी काय लागतंय ते लिहून घ्या:

- युरिया १ पोतं (४५ किलोचं)
- सिंगल सुपर फॉस्फेट १ पोतं (५० किलोचं)
- पाचट कुजवणारं जिवाणू खत ४ किलो
- जिवाणू मिसळायला चांगलं कुजलेलं, ओलसर शेणखत आठ-दहा पाट्या
- बुडख्यांवर फवारायला कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक)
- धार लावलेले कोयते, एक-दोन दाताळी, आणि पुढं खत द्यायला पहार

आपल्याकडं रानं गुंठ्यात असतात म्हणून हिशोब सोपा करून सांगतो. एकरात ४० गुंठे, म्हणजे गुंठ्याला युरिया सव्वा किलोच्या थोडा आत आणि सुपर सव्वा किलो. दहा गुंठ्यांचा तुकडा असेल तर दोन्ही साधारण पाव-पाव पोतं आणि जिवाणू १ किलो. अंदाजानं मुठी मारू नका, एकदा वजन करून बघा.

जिवाणू खत कृषी विद्यापीठाच्या केंद्रातून किंवा वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून मिळतं, बरेच कारखाने आपल्या सभासदांना शेती गट ऑफिसातून देतात. पाकिटावरची मुदत बघा आणि घरी आणल्यावर पत्र्याच्या शेडात उन्हात ठेवू नका, युरियाच्या पोत्याला चिकटून तर नकोच. त्यात जिवंत जीव आहेत, तापले की मेले, आणि मेलेलं पाकीट दिसायला तसंच दिसतंय.

पाण्याचं पण आधीच बोलून ठेवा. पाणीपुरवठा संस्थेची पाळी असेल तर पाणक्याला सांगा की तोडीनंतर आठ-दहा दिवसांत पाणी लागणार. पुढचे टप्पे सगळे त्या पाण्याच्या तारखेवरनं मागं मोजायचेत.

टोळीच्या मुकादमाशी पण आधीच बोला. दोनच गोष्टी सांगायच्या. एक, फड पेटवून तोडायचा नाही. दोन, ऊस जमिनीलगत तोडायचा. पेटवून तोडलेल्या उसाचं वजन घटतं, जळीत म्हणून पैसे कापले जातात, आणि पाचटच शिल्लक राहत नाही म्हटल्यावर पुढचा सगळा लेख वाचून उपयोग नाही.

तपासा: सामान घरात, पाळीची तारीख माहीत, मुकादमाशी बोलणं झालेलं. या तीनपैकी एक जरी नसेल तर आधी ते करा.

## टप्पा १: तोड चालू असताना

फडावर स्वतः थांबा, निदान सकाळचे पहिले दोन-तीन तास तरी. टोळी घाईत असली की कोयता वर लागतो आणि वीतभर बुडखा उभा राहतो. त्यात नुकसान दुहेरी आहे, बुडाजवळच्या चांगल्या साखरेच्या कांड्या रानातच राहतात आणि पुढं त्या वर राहिलेल्या डोळ्यांतनं कोंब फुटतात. त्यांच्या मुळ्या जमिनीत नसतात, ते वाऱ्यानं लोळतात.

वाडं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, न्यायचं असेल तर खुशाल न्या, जनावराला लागतंय. पण वाडं बांधताना पाचटाचे ढीग बांधाला रचू नका. तोडलेल्या जागेवर ते जितकं पसरून पडेल तितकं पुढचं काम कमी. ढिगात पाचट कुजत नाही, वरचं वाळतं, आतलं तसंच राहतं आणि उंदरांना घर मिळतं.

हार्वेस्टरनं तोड होणार असेल तर पाचट बारीक होऊन सगळीकडं सारखं पडतं, कुट्टी (मशीननं पाला बारीक करणं) करायला लागत नाही. पण ते बुडख्यांवर पण बसतं, त्यामुळं पुढचा टप्पा जास्त नेटानं करायला लागतो.

## टप्पा २: बुडखे मोकळे करा, पाचट सरीत घ्या

तोड झाल्यावर दोन-तीन दिवसांत हे काम झालं पाहिजे. दाताळ्यानं बुडख्यांवरचं पाचट ओढून सरीत घालायचं, वरंब्यावरचे बुडखे पूर्ण उघडे दिसले पाहिजेत. कोवळ्या कोंबाला ऊन आणि हवा लागते. बुडख्यावर पाल्याचा जाड थर राहिला की कोंब आत पिवळे पडून वाकडे होतात, काही बाहेरच येत नाहीत, मग एक महिन्यानं रान बघून आपण म्हणतो पाला ठेवला म्हणून उगवण कमी झाली.

आता सरीत किती घालायचं? एकरात साधारण ३ ते ४ टन पाचट निघतं, कमी नाही ते. ठिबक असेल तर सगळ्या सऱ्यांत पसरून टाका, काही अडचण नाही. पाटपाणी असेल आणि सगळ्या सऱ्या पाल्यानं भरल्या तर पाणी पुढं सरकत नाही, वरच्या चार वाफ्यांत तुंबतं आणि खालचं रान कोरडं. याला दोन उपाय आहेत. एक म्हणजे एक आड एक सरी, एका सरीत पाचट, शेजारच्या मोकळ्या सरीतनं पाणी. दुसरा म्हणजे कुट्टी, ट्रॅक्टरच्या मल्चरनं पाला बारीक करायचा, मग तो सरीत दबून बसतो आणि वरनं पाणी जातंय. सरी रुंद असेल, चार-साडेचार फुटाची, तर कुट्टी चांगली होते. तीन फुटी सरीत मोठा ट्रॅक्टर घालू नका, चाक बुडख्यांवरनं जातं. तिथं एक आड एक सरीच करा, खर्चपण वाचतो.

सावधान: रान ओलं असताना कुट्टीचं मशीन आत घेऊ नका. काळ्या रानात चाकाखाली माती अशी दाबली जाते की ती पट्टी वर्षभर उठत नाही. घात आल्यावरच, म्हणजे ओल बेताची झाल्यावर.

तपासा: बांधावर उभं राहून ओळीनं बघा. बुडख्यांची ओळ वेगळी, पाल्याची ओळ वेगळी दिसली पाहिजे.

## टप्पा ३: बुडखे छाटणी

हे काम लोक सगळ्यात जास्त गाळतात. टोळीनं खालनं तोडला तरी काही बुडखे वर राहतातच. धारदार कोयत्यानं सगळे बुडखे जमिनीबरोबर छाटून घ्या. बोथट कोयता वापरलात तर बुडखा चिरतो, हलतो आणि मुळ्या सैल होतात. मोठं रान असेल तर छाटणीचं मशीन भाड्यानं मिळतं.

छाटल्यामुळं जमिनीखालच्या डोळ्यांतनं कोंब येतात, सगळे साधारण एकाच वेळी येतात, आणि त्यांना स्वतःच्या मुळ्या लवकर फुटतात. पुढं फुटवे सारखे, ऊस सारखा. हे काम तोडीनंतर आठवड्याच्या आत संपवा. कोंब वर दिसायला लागल्यावर छाटायला गेलात तर आलेला कोंब गेला आणि बुडख्याची ताकद पण गेली, तेव्हा उशीर झाला असेल तर फक्त उंच राहिलेलेच छाटा.

छाटल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कार्बेन्डाझिम १ लिटर पाण्याला १ ग्रॅम या प्रमाणात छाटलेल्या बुडख्यांवर फवारा. ताज्या कापावरनं बुरशी आत जाते, ती थांबते.

सावधान, हे नीट वाचा: फवारा बुडख्यांवर, पाचटावर नाही. पाचट कुजवणाऱ्या जिवाणू खतात बुरशीच असते बऱ्यापैकी, आणि आपण मारतोय बुरशीनाशक. नोझल खाली धरून ओळीनं जा. आणि जिवाणू त्याच दिवशी टाकू नका, तीन-चार दिवस जाऊ द्या. एका दिवसात सगळं उरकायच्या नादात औषध आणि जिवाणू एकामागोमाग टाकले तर जिवाणूचे पैसे पाण्यात.

## टप्पा ४: युरिया, सुपर आणि जिवाणू

ऊस पिवळा पडतो तो इथल्या चुकीमुळं, म्हणून इथं जरा थांबून सांगतो.

पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःची वाढ करायला नत्र लागतं. पाचटात मिळालं नाही की ते जमिनीतलं उचलतात, म्हणजे तुमच्या कोवळ्या खोडव्याच्या तोंडचं. दोन-तीन महिने ऊस उपाशी राहतो आणि पिवळा दिसतो. पुढं पाचट कुजलं की तेच नत्र परत जमिनीत मिळतं, पण तोपर्यंत फुटव्यांचा काळ गेलेला असतो. म्हणून जिवाणूंच्या वाट्याचं नत्र आपण वरनं द्यायचं, हे एक पोतं युरिया त्यासाठी आहे. हे उसाच्या खताच्या हिशोबात धरू नका, उसाचं खत वेगळं द्यायचंय.

क्रम असा:

१. पाचट भरलेल्या सऱ्यांत पाल्यावर युरिया सारखा फेका. बुडख्यांवर नाही, मोकळ्या सरीत नाही.

२. त्यावर सुपर फॉस्फेट फेका.

३. जिवाणू खत ओलसर शेणखतात मिसळून, सावलीत कालवून, सगळ्यात शेवटी पाल्यावर टाका. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर.

४. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पाणी.

तिन्ही एकाच घमेल्यात कालवून एकदाच फेकायचं असं बरेचजण करतात, मजुरी वाचते म्हणून. करू नका. युरिया आणि सुपर थेट जिवाणूंना लागले की ते मरतात.

दुसरी चूक युरिया टाकून पाण्याची वाट बघत बसायची. वाळलेल्या पाल्यावर पडलेला युरिया पाणी न मिळता दव आणि उन्हात राहिला की त्यातलं नत्र अमोनिया वायू होऊन उडून जातं. नाकाला झोंबणारा वास आला की समजा पैसे उडायलेत. आणि तो अमोनिया हवेत जाऊन गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातल्या वायूंशी मिसळून परत बारीक कणच तयार करतो, म्हणजे पाला जाळला नाही तरी हवा बिघडवायचं काम थोडं का होईना आपल्याकडनं झालंच. पाळी पुढं गेली असेल तर युरिया पण पुढं ढकला, पोतं फोडूच नका.

## टप्पा ५: पहिलं पाणी

पहिलं पाणी जरा सावकाश आणि भरपूर. पाचट भिजलं पाहिजे आणि मातीला टेकलं पाहिजे. वर तरंगत, अधांतरी राहिलेला पाला कुजत नाही, वाळतो. पाणी फिरत असताना पाल्याच्या सरीतनं एकदा पायानं दाबत चाला, गडी असतील तर दोन तासांत एकर होतो. एक आड एक सरी केली असेल तर पहिलं पाणी दोन्ही सऱ्यांना द्या, पाल्याच्या सरीत हळू जाईल पण जाऊ द्या, पुढच्या पाळ्या मोकळ्या सरीतनं.

पुढं मात्र नेहमीच्या सवयीनं पाणी देऊ नका. पाल्याखाली ओल टिकते, वरनं रान कोरडं वाटतं. हात घालून माती बघा, मुठीत गोळा होत असेल तर पाळी चुकवा. सतत तुंबून राहिलं तर मुळ्या गुदमरतात, पाला कुजायच्या ऐवजी सडतो आणि घाण वास येतो.

तपासा: पाण्यानंतर पंधरा दिवसांनी पाल्याचा थर उचलून बघा. खालच्या बाजूला पांढरे धागे, मऊपणा आणि मातीचा वास आला तर काम चालू झालंय. तसाच पिवळा कडक असेल तर ओल कमी पडली किंवा जिवाणू मेले होते. पाणी द्या, आठ दिवसांनी परत बघा, तरी फरक नसेल तर जिवाणू परत आणून टाका.

## टप्पा ६: आग सांभाळा

पहिला महिना-दीड महिना रानात वाळलेलं पाचट असतंय आणि शेजारी कुणीतरी पेटवणारच. तुम्ही सगळं नीट केलं आणि एका ठिणगीनं गेलं, कोवळे कोंब पण भाजले, असं व्हायला नको. बांधाच्या कडेनं चार-पाच फुटांचा पट्टा पूर्ण मोकळा करा, तिथला पाला आतल्या सरीत घाला. रस्त्याकडेच्या रानात हा पट्टा जास्त रुंद ठेवा, विडी-सिगारेटची थोटकं तिकडनंच येतात. विजेच्या तारा लोंबकळत असतील तर त्याखालचं पाचट आधी भिजवा.

शेजाऱ्याला तुमच्याकडं पाला आहे हे तोंडानं सांगा. तो पेटवणारच असेल तर निदान कधी ते कळू दे, म्हणजे तुम्ही बांधावर उभं राहाल. आणि आग लागलीच तर म्हाताऱ्या माणसांना एकट्यानं डहाळ्या घेऊन आत जाऊ देऊ नका. धुरात दिशा कळत नाही, माणूस कोंडतो, अशानं जीव गेलेत. रान परत पिकवता येतंय.

## टप्पा ७: नांग्या भरणं

दोन फुटांपेक्षा जास्त जागा रिकामी दिसली तर तिथं रोप लावा. कांडी लावू नका, खोडवा पुढं गेलेला असतो आणि कांडीचा कोंब सावलीत अडकतो. त्याच जातीची प्लास्टिक ट्रेमधली महिना-सव्वा महिन्याची रोपं घ्या. तोडीच्या आधीच रोपवाटिकेत सांगून ठेवलं असेल तर वेळेत मिळतात. रोपाभोवतीचा पाला हातानं वीतभर बाजूला सारा.

## टप्पा ८: खत पहारीनं

पाल्यावर खत फेकायचं नाही. फेकलेलं खत पाल्यात अडकतं, मुळीपर्यंत जात नाही. आणि नेहमीसारख्या औतानं वरंब्याच्या बगला फोडायच्या नाहीत, जुन्या मुळ्यांचा जारवा तोडायचा नाही. पाला असताना औत घातलं की पाला गोळा होतो, सगळी मांडणी मोडते. ती मेहनत आणि तो खर्च या पद्धतीत वाचतो.

पहारीनं बुडख्यापासून अर्धा फूट अंतरावर, अर्धा फूट खोल भोक पाडायचं, खत घालायचं, पायानं बुजवायचं, एक फुटावर पुढचं भोक. खोडव्याला शिफारस केलेल्या खताचे दोन भाग करा. पहिला तोडीनंतर पंधरा दिवसांत ओळीच्या एका बाजूला, दुसरा साधारण १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूला. दोन माणसं लागतात, एक पहार मारणारा, एक खत घालणारा. सुरुवातीला वेळ लागतो हे खरं आहे पण खत मुळीशी जातंय, वर उन्हात उडत नाही.

रानात घात असताना हे करा. वाळलेल्या काळ्या रानात पहार जात नाही आणि गडी वैतागून दोन इंचावर खत ठेवून पुढं जातात, म्हणून मधनं मधनं एखादं भोक उकरून खोली बघा.

## मधल्या काळात पिवळा दिसला तर

सगळं पिवळं सारखं नसतंय. खालची, जुनी पानं आधी आणि सगळीकडनं सारखी पिवळी होत असतील तर नत्र कमी पडलंय, म्हणजे टप्पा ४ मधला युरिया कमी पडला किंवा उडाला. पहारीच्या पहिल्या खताला उशीर झाला असेल तर ते आधी द्या.

वरची कोवळी पानं पिवळी-पांढरी आणि शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर तो केवडा, लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात खोडव्याला हा येतोच, पाल्याशी त्याचा संबंध नाही. त्याला फेरस सल्फेटची फवारणी लागते. हा फरक न बघता लोक युरिया मारत सुटतात, ऊस काही हिरवा होत नाही आणि दोष पाल्याला जातो.

उंदरांचं म्हणाल तर बांध स्वच्छ ठेवा, ढीग ठेवू नका, आणि पहिल्या महिन्यातच बिळं शोधून बुजवा, दुसऱ्या दिवशी जी परत उघडी दिसतील तीच चालू बिळं, इलाज तिथंच करायचा. तण मात्र कमी येतं, पाल्याखाली उजेडच जात नाही, भांगलणीचा एखादा फेरा वाचतो. खोडकिडीचा त्रासही पाल्याच्या रानात कमी दिसतो.

तीन-चार महिन्यांत पाला काळपट, हाताला चुरा होणारा झालेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुटलेल्या रानात उन्हामुळं जरा जास्त वेळ लागतो, तिथं ओल सांभाळा. नदीकाठच्या, पुराचं पाणी येणाऱ्या रानात उशिरा तुटलेल्या फडाचा पाला जुलैपर्यंत कुजला नाही तर पाण्यावर तरंगून एका कोपऱ्यात जमा होतो आणि तिथला ऊस दाबतो. अशा रानात कुट्टी केलेलीच बरी.

## ऊस मोडायचा असेल तर

खोडवा आणि त्यानंतरचा निडवा संपला आणि रान मोकळं करायचंय, तेव्हा तर पेटवायचा मोह फार होतो, कारण नांगराला पाला अडकतो. इथं आधी मल्चरनं पाला आणि बुडखे बारीक करा, त्यावर वरच्याच प्रमाणात युरिया आणि सुपर टाका आणि रोटाव्हेटरनं मातीत मिसळा. मिसळल्यावर जिवाणू आणि हलकं पाणी. पाणी द्यायची सोय नसेल तर हे काम वळवाच्या तोंडावर घ्या.

मिसळल्या मिसळल्या लगेच पेरणी करू नका. कुजायच्या सुरुवातीला जमिनीत उष्णता आणि नत्राची ओढ असते, उगवण मार खाते. निदान एक महिना मध्ये जाऊ द्या. पुढं सोयाबीन किंवा भुईमूग घेणार असाल तर पेरणीच्या आधी एकदा माती उकरून बघा, पाल्याचे तुकडे बोटांनी सहज तुटत असतील तर पेरा, चिवट असतील तर आणखी आठ-दहा दिवस थांबा.